सातवीतले चाळीस दिवस

फेब्रुवारी अर्धा सरला की बारामतीत सकाळी अंगावर स्वेटर असतो आणि दहाच्या आत तो काढून हातात घ्यावा लागतो. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात, त्यांच्या मागे पाचटाचा चुरा उडत राहतो. आमच्या लॅबमध्ये या दिवसांत परीक्षेची मुलं येतात. कुणाला ताप असतो, कुणाचे डोळे पिवळे झालेले असतात. आया एकच सांगतात, रिपोर्ट लवकर द्या, पेपर आलेत.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. कॉन्व्हेंटचा गणवेश होता, दोन वेण्यांना लाल रिबिनी. मी दंडाला पट्टा बांधला आणि सवयीने म्हणाले, "थोडं दुखेल हं." ती म्हणाली, "मला नाही दुखत." सुई आत गेली तरी तिने पापणी लवू दिली नाही. कितवीत आहेस, विचारलं. सातवीत, म्हणाली. मी नळीवर तिचं नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दिवसभर तिचा चेहरा काही डोळ्यांसमोर आला नाही. संध्याकाळी हात धुताना मात्र माझीच सातवी आठवत राहिली.

मीसुद्धा अशाच एका शाळेत होते. बारामतीच्या बाहेर, सिस्टरांची शाळा, शेजारी मुलींचं बोर्डिंग. आमचं घर निमगाव केतकीला. आई अंगणवाडीत होती, तात्या म्हणजे माझे वडील एस.टी.त कंडक्टर. आम्ही तिघी बहिणी. आक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, छकुली शेंडेफळ. मला बोर्डिंगला घालायचं ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "पोरीला किरिस्ताव करतील." आई म्हणाली, "बाबासायबांनी शिका म्हणलंय. कुटं शिका ते न्हाय सांगितलं." तेव्हा आक्का गावातल्या हायस्कुलात आठवीला होती, तिथे रुळली होती. बोर्डिंगमध्ये नवीन मुली फक्त पाचवीतच घेत. म्हणून मी गेले, ती राहिली.

सातवीत आम्ही काय शिकलो? बीजगणितातला क्ष शिकलो. मुळाचा उभा छेद काढायला शिकलो, त्याला बाण काढून नावं द्यायला शिकलो. इंग्रजीत कर्तरीचं कर्मणी करायला शिकलो. शिवणाच्या तासाला साखळी टाका, गाठीचा टाका. शुक्रवारी शेवटच्या तासाला ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाला चॅपलमध्ये जात आणि उरलेल्या आम्हाला मूल्यशिक्षण असे. त्यात खरं बोलावं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, पाणी जपून वापरावं, असं सगळं होतं. बरोबर बारा वाजता प्रार्थनेची घंटा व्हायची. मग जी जिथे असेल तिथे थांबायची. खो-खोत पळणारी मुलगी पळता पळता थांबे, फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंचा खडू थांबे. मिनिटभराने सगळं जिथून थांबलं तिथून पुन्हा सुरू होई. थांबायचं कसं, हे मी त्या शाळेत फार चांगलं शिकले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आई गेली. कावीळ झाली होती. आधी गावात औषध घेतलं, मग इंदापूरला नेलं, मग पुण्याला. अकरा दिवसांत संपलं. आज तसा रिपोर्ट माझ्या हातात आला तर मी आकडा बघूनच ओळखते की घरच्यांना बाजूला घेऊन सांगावं लागणार आहे. तेव्हा मी फक्त आईच्या नखांकडे बघत होते. हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखी पिवळी होती.

मी रडले नाही. आईला पांढरी साडी नेसवली, त्रिसरण झालं, बायका मला जवळ घेऊन म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. मला काहीच होत नव्हतं. आक्का रडत बसली होती आणि तिच्या मांडीवर छकुली झोपली होती. तिच्या गालावर आक्काचे अश्रू पडत होते आणि ती झोपेत गाल पुसत होती. हे मला नीट आठवतं. मला काय वाटलं, ते आठवत नाही.

तात्यांनी ठरवलं ते दोन वाक्यांत ठरवलं. "वर्षा साळंत जाईल. तिच्या आईनं घातलीय तितं." आणि आक्काकडे न बघता म्हणाले, "तू हाईस म्हणून घर हाय." आक्का दहावीत होती. तिने मान हलवली. दहावीचा फॉर्म शाळेतून भरलेला होता, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. छकुली साडेतीन वर्षांची. आईनंतर ती आक्काला सोडतच नव्हती. शेजाऱ्यांकडे ठेवली की श्वास रोखून धरायची, ओठ निळे पडायचे.

मी बोर्डिंगला परत आले. आमच्या वर्गशिक्षिका सिस्टर लुसिया बोर्डिंगही बघत. त्या नगरकडच्या. वर्गात इंग्रजी बोलत, पण भाजीच्या वाफ्यात हात घातला की त्यांची भाषा आमच्यासारखीच व्हायची. मी आले त्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून कॉटखाली सरकवली. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. इतर मुलींची घरून आलेली पत्रं त्या आधी उघडून वाचत, मग देत. बोर्डिंगचा नियमच होता. माझी त्यांनी त्या दिवसापासून उघडली नाहीत. तशीच बंद हातात देत. माझ्यावरची माया होती ती.

हिवाळा आला. एकदा शिवणाच्या तासाला मी टेबलक्लॉथवर गुलाब काढत होते. शेजारची मार्था एकदम ओरडली. सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती आणि मी पुढचा टाका घालायला बोट उचलत होते, तर कापडही बोटाबरोबर उचललं जात होतं. मार्था रडायला लागली. मी तिला म्हणाले, काही होत नाही गं. खरंच काही होत नव्हतं.

जानेवारीत सहल गेली भिगवणला. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आले होते. नावाडी म्हणाला, गप बसा, उडतील आता. मग ते सगळे एकदम उठले आणि पाण्यावर गुलाबी रंग पसरला. नावेतल्या साऱ्या मुली एका आवाजात "आई गं" म्हणाल्या. मीही म्हणाले. सगळ्या म्हणाल्या म्हणून म्हणाले.

मग राखेचा बुधवार आला. सिस्टरांच्या आणि ख्रिस्ती मुलींच्या कपाळावर राखेचे क्रूस उमटले. सिस्टर लुसियांनी वर्गात सांगितलं की आता ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवासकाळ. यात प्रत्येक जण आपल्या आवडीची एक गोष्ट सोडतो. "ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांच्यावर सक्ती नाही. पण सोडून बघा. माणूस कशाला धरून बसलाय ते सोडल्याशिवाय कळत नाही." मार्थाने चिंचा सोडल्या. एकीने दुपारची झोप सोडली, जी आम्हाला मिळतच नव्हती. सगळ्या हसल्या. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी घरची पत्रं वाचायची सोडते."

सिस्टरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नीट विचार केलास?" मी हो म्हणाले. "चाळीस दिवस?" मी पुन्हा हो म्हणाले. मग त्या वर्गाला म्हणाल्या, "वर्षाने सगळ्यांत अवघड गोष्ट निवडली." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले. मूल्यशिक्षणाच्या वहीत मला त्या आठवड्यात शेरा मिळाला, उत्तम.

पत्रं येत राहिली. निळी अंतर्देशीय पत्रं, साधारण आठवड्याला एक. मी ती ट्रंकेत, आईने शिवलेल्या परकराच्या घडीखाली ठेवत गेले. मोह झाला नाही. मार्था चिंचेच्या झाडाखालून जाताना नाक दाबून जायची. मला तसं काही करावं लागलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तात्या भेटायला आले, ड्युटी करून आले होते, खाकी कपड्यांतच. शेंगदाण्याचे लाडू आणले होते. "घरी समदं बरं हाय," म्हणाले. आक्का काय करते, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ईस्टरच्या रविवारी दुपारी जेवायला गोड होतं. सगळ्यांनी सोडलेलं धरलं. मार्थाने खिसाभर चिंचा खाल्ल्या. मी कॉटवर बसून पाच पत्रं एका ओळीत मांडली आणि तारखेप्रमाणे उघडली.

पहिल्यात होतं की छकुलीला गोवर येऊन गेला. दुसऱ्यात आक्काने लिहिलं होतं, "माझे दहावीचे पेपर आहेत. घरी बसून अभ्यास केला आहे, बाईंनी वह्या दिल्या. परीक्षेचं केंद्र इंदापूरला आहे. छकुली तुझ्यापाशी राहील. तू दहा-बारा दिवस घरी येशील का? तुझी परीक्षा एप्रिलात आहे. सिस्टरांना विचार. तात्यांना सांगितलं नाही, ते म्हणतील धाकटीचं नुकसान नको. तू हो म्हणालीस की मी त्यांना सांगते." तिसऱ्यात एवढंच होतं, "तू काही कळवलं नाहीस. वाट पाहते." चौथ्यात, "मराठीचा पेपर दिला. छकुलीला घेऊन गेले होते. शिपाईमावशीने तिला बाहेर झाडाखाली धरलं. तिचं रडणं आत ऐकू येत होतं. दुसरा पेपरही दिला. अर्ध्यातून उठून आले, ती निळी पडली होती." पाचव्यात परीक्षेचा शब्द नव्हता. रानातला ऊस तुटून गेला, असं होतं. तू नीट अभ्यास कर, असं होतं.

मी पाचही पत्रं घेऊन सिस्टरांकडे गेले. त्या वाफ्याला पाणी घालत होत्या. त्यांनी ओल्या हातांनी दुसरं पत्र वाचलं, मग चौथं. शाई थोडी फुटली. त्या खाली वाफ्याच्या बांधावर बसल्या. "मी उघडायला पाहिजे होतं गं," म्हणाल्या. "हितं नियम मीच मोडला." मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या मला घेऊन निमगावला आल्या. आक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने सिस्टरांना पाट दिला, पाणी दिलं. छकुली सिस्टरांच्या डोक्यावरचं कापड ओढत होती, म्हणून सिस्टर तिला घेऊन अंगणात गेल्या. आक्का भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "वर्षे, माझं पत्र मिळालं न्हाय व्हय गं तुला?"

मी म्हणाले, "न्हाय."

"तरीच," आक्का म्हणाली. तिने भाकरी उलटली. "मला वाटलंच. पोस्टात गहाळ झालं असंल. असू दे. ऑक्टोबरात देईन मी."

मी वर पाहिलं तर सिस्टर दारात उभ्या होत्या, कडेवर छकुली. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलतील, पण त्यांनी छकुलीला खाली ठेवलं आणि आक्काला विचारलं, तुला आमच्याकडून पुस्तकं पाठवू का? आक्का म्हणाली, "पाठवा की." सिस्टरांनी पाठवलीही. ऑक्टोबरात छकुलीला न्यूमोनिया झाला. त्याच्या पुढच्या वर्षी आक्काला स्थळ आलं.

परतीच्या गाडीत सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. बारामतीचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "तुमच्यात पापकबुली नसते ना?"

"नाही."

"आमचं सोपं असतं. जाळीमागे फादर असतात, त्यांना सांगायचं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुला तिलाच सांगावं लागणार. आज नाही जमलं. पण सांग."

एप्रिलात मी वर्गात दुसरी आले.

त्यानंतर पंचवीस वर्षं गेली. मी बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला, नोकरी लागली, लग्न झालं. तात्या गेले, तेव्हाही मी रडले नाही, लोक म्हणाले, खंबीर आहे. छकुली वालचंदनगरला शिक्षिका आहे. आक्का भिगवणला असते. तिची आणि दाजींची हायवेला खानावळ आहे, मच्छी थाळीची. दाजी गल्ल्यावर, आक्का आत. आम्ही भेटतो, हसतो, एकमेकींच्या मुलांना कपडे घेतो. त्या "न्हाय"वर मी इतकी वर्षं बसून राहिले. टोचलं असतं तर कधीच उठून सांगितलं असतं. टोचत नव्हतं.

या रविवारी मी भिगवणला गेले. काही ठरवून गेले नव्हते. गर्दी उतरल्यावर आक्का मागच्या पडवीत चिलापी मासे साफ करत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी म्हणाले, "आक्का, तुझी पत्रं मला मिळाली होती. पाचही. मी उघडली नव्हती."

तिचा हात थांबला. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "दहावीच्या वक्ताची?"

"हं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

तिने माशाचे खवले सुरीच्या पात्यावरून पुसले. "का न्हाय उघडलीस?"

मी उपवासाचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. आक्का ऐकत राहिली, आणि मलाच ऐकवेना, कारण ते खरं नव्हतं. मग मी जे कुणालाच, स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "वरचं अक्षर आईचं वाटायचं. आधी ती पाठवायची ना पत्रं. पत्ता बघितला की वाटायचं तिनंच पाठवलंय. आणि उघडलं की आत तू असायचीस. एक-दोनदा तसं झालं. मग मला उघडायचंच नव्हतं. उपवासाचं निमित्त झालं."

एक मांजर आलं, आक्काने त्याला हाकललंही नाही.

"माझं अक्षर कुटं तसं हुतं," ती शेवटी म्हणाली. "माझं बारीक. आईचं ते गोल, टपोरं. तिनं तुझा पत्ता घालून ठिवलेलं एक कोरं पत्र घरात हुतं, ते पुढं ठिवून, बघून बघून पत्ता काडायचे. तुला बरं वाटंल म्हणून."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सुरी उचलली, दुसरा मासा घेतला.

"तुला राग आला?" मी विचारलं.

तिने खरंच विचार केला. मान एका बाजूला करून, कुठे दुखतंय ते शोधावं तसा. "यायला पायजे," ती म्हणाली. "आत्ता तर काय वाटंना. काईच वाटंना बघ. आला की सांगते."

मी संध्याकाळच्या गाडीने बारामतीला आले. निघताना तिने डब्यात रस्सा दिला, सांडू नको म्हणाली.

बुधवारी सकाळी लॅबमध्ये रांग होती. मी एका आजोबांचं रक्त काढून कापूस दाबून धरायला सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. आक्का एरवी सकाळी कधी फोन करत नाही, तिची मच्छी यायची वेळ असते.

"वर्षे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आला गं आज."

मी मागच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. आणि आक्का बोलायला लागली. आधी हळू, मग ओरडून. पलीकडे दाजींचा आवाज आला, काय झालं, त्यांनाही तिने गप्प केलं. "घरी बसून केला हुता मी अभ्यास. चुलीपुढं. एका हातानं पोरगी धरून. मला कुणी इचारलं न्हाय, तात्यांनी न्हाय, कुणीच न्हाय, म्हणून तुला इचारलं. तुलाच तेवडं इचारलं. दोन पेपर दिलं मी. भूमितीचा राहिला. मला भूमिती यायची गं वर्षे. साऱ्या वर्गात मला एकटीला यायची. बाई मलाच उठवायच्या फळ्यावर. तुला म्हाइत तरी हाय का, मला भूमिती यायची?"

"न्हाय," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

ती रडत होती, शिव्या देत होती, पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. बाहेरून कुणीतरी दोनदा दार वाजवलं. मी उघडलं नाही. मी सॉरी म्हणाले नाही, समजूत घातली नाही, थांब म्हणाले नाही. फोन कानाशी घट्ट धरून भिंतीला टेकून उभी राहिले. कान गरम झाला होता, दुखायला लागला होता. मी दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "बोल आक्का. मी ऐकते."